मोडीतली वही आणि ओटीपीतलं खातं

आजचा विषय ऐकून निम्मे लोक पुढचा एपिसोड लावतील, म्हणून आधीच सांगते, दोन मिनिटं थांबा. प्रश्न असा आहे: छोट्या धंद्याला हिशोबाचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? आपण इथे इतिहासाच्या गप्पा मारतो, त्यात हे कुठून आलं, असं वाटेल. पण याच प्रश्नामुळे मी मेणवलीच्या वाड्यात जाऊन आले, पेशवे दप्तराबद्दल वाचत बसले आणि मामांच्या माळ्यावरची ट्रंक उघडली. शिवाय यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती 15 हजारांची आहे. तिथूनच सुरू करते.

माझे मामा महाबळेश्वरला असतात. बाजारपेठेजवळ सहा खोल्यांचं लॉजिंग आणि खाली दुकान. सीझनला स्ट्रॉबेरी, बाकी वर्षभर जॅम, सिरप, मध, चिक्की. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. म्हणजे घरात प्रिंटर बिघडला तरी फोन मलाच येतो. तीन वर्षांपूर्वी मामा म्हणाले, "अगं, वहीत लिहून लिहून हात दुखतो. एवढी शिकलीस, काहीतरी बसवून दे की." मी दहा मिनिटांत एक फुकटचं मोबाइल ॲप बसवून दिलं. मामांचा फोन जुना होता, म्हणून ते काउंटरवरच्या मुलाच्या फोनवर टाकलं. ओटीपी त्याच्याच नंबरवर. मी चहा घेतला आणि पुण्याला परत आले. फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

सीझनभर मस्त चाललं. मे महिना संपता संपता तो मुलगा काम सोडून गावी गेला. पुढे त्याचा तो नंबरही बंद झाला. जूनच्या सुरुवातीला भिलारकडचे एक शेतकरी आले, स्ट्रॉबेरीचे राहिलेले पैसे न्यायला. ते म्हणाले 41 हजार. मामांच्या आठवणीत 26 हजार. त्या काकांनी खिशातून छोटी डायरी काढली. तारीख, किती ट्रे, काय भाव, किती मिळाले, किती राहिले. सगळं पेनाने लिहिलेलं. मामांनी मला फोन लावला, "उघड तुझं ॲप." ॲप उघडेना. ओटीपी जाणार त्या बंद नंबरवर. दुसरीकडे कुठे कॉपी ठेवलेली नव्हती. मी बसवतानाच ती सोय बघितली नव्हती.

मामांनी 41 हजार मोजून दिले. मी म्हटलं, "मामा, थोडं थांबा ना, मी काहीतरी करून बघते." ते म्हणाले, "त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. आपल्याकडे काय आहे?" आणि संध्याकाळी परत फोन करून हसत म्हणाले, "15 हजार अक्कलखाती टाकलेत. तुझ्या नावे की माझ्या, ते तेवढं सांग."

त्या काकांची डायरी बरोबर होती की मामांची आठवण, हे आम्हाला आजही माहीत नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. काका खोटं बोलत असतील असं मामांना वाटत नव्हतं, आणि तपासायला काही साधनच नव्हतं. वीस वर्षांचा व्यवहार होता त्यांचा.

या वर्षी मामांनी परत तोच प्रश्न विचारला. "आता नीट सांग, कुठलं घेऊ?" या वेळी मी दहा मिनिटांत उत्तर दिलं नाही. चांगले चार महिने घेतले.

मेणवलीचा हिशोबनीस

पुण्याहून महाबळेश्वरला जाताना वाई लागते आणि पुढे पसरणीचा घाट. वाईपासून तीन-चार किलोमीटरवर कृष्णेकाठी मेणवली आहे. आपण तिथे घाटावर फोटो काढतो, मोठी घंटा बघतो आणि निघतो. तो वाडा नाना फडणवीसांचा. शाळेत आपण नाना फडणवीस म्हणजे पेशवाईतला मुत्सद्दी, बारभाई कारस्थान, एवढं शिकतो. पण 'फडणीस' हे मुळात हुद्द्याचं नाव आहे. फारसी 'फर्द-नवीस' वरून आलेलं. फर्द म्हणजे यादीचा किंवा हिशोबाचा कागद, आणि तो लिहिणारा तो फर्दनवीस. 1742 मध्ये साताऱ्यात जन्मलेला, पानिपतातून जिवानिशी परत आलेला आणि 1800 मध्ये वारलेला हा माणूस मराठी राज्याचा हिशोब सांभाळायचा. बाकीचं राजकारण त्याला त्या हिशोबामुळे जमलं, असं मला आता वाटतं. कोणाचं किती येणं आहे, कोणाचं किती देणं आहे, हे ज्याला पाठ असतं त्याला दरबारात कोणी सहज फसवत नाही.

पुण्यातल्या पेशव्यांच्या दप्तराला 'हुजूर दप्तर' म्हणत. त्यात एक खातं होतं, 'एक बेरीज'. नाव ऐकूनच कळतं, सगळीकडचे हिशोब तिथे येऊन एक बेरीज व्हायची. गावाचा हिशोब तालुक्याला, तिथून वर, आणि शेवटी पुण्यात. रोजची नोंद म्हणजे कीर्द. त्याच नोंदी माणसागणिक किंवा खर्चाच्या प्रकारागणिक लावल्या की खतावणी. सगळ्याचा गोषवारा म्हणजे तेरीज. आणि वर्षाचा जमाखर्च मिटवला की ताळेबंद. मंडळी, आज कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेनूत डे बुक, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि बॅलन्स शीट असतंच. कॉमर्सवाले म्हणतील दोन्ही अगदी तंतोतंत एक नाहीत, आणि ते बरोबर आहे. पण कामाचा क्रम तोच आहे. आधी घडेल तसं लिही, मग खात्यात लाव, मग बेरीज जुळव, मग वर्ष बंद कर.

वर्ष कधी सुरू व्हायचं, हेही मजेशीर आहे. मराठ्यांच्या दप्तरात सुहूर सन चालायचा. त्याचं वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे पावसाच्या तोंडावर बदलायचं. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. महाबळेश्वरच्या धंद्याचं वर्ष आजही मनातल्या मनात तेच आहे! मे संपला, पर्यटक उतरले, दुकानांना प्लास्टिकचे कागद लागले की सगळ्यांचं देणं-घेणं मिटवायची वेळ येते. ते काका जूनच्या सुरुवातीलाच का आले? कारण हिशोब मृगाला मिटवायचा, ही सवय एप्रिल-मार्चपेक्षा फार जुनी आहे.

दुसरी गंमत शब्दांची. जमा, खर्च, बाकी, वसूल हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' करून घेतला. बरेच शब्द बदललेही. पण जमाखर्च काही हलला नाही. सुलतान गेले, छत्रपती आले, पेशवे आले, इंग्रज आले आणि गेले, मामा अजूनही "जमा किती, बाकी किती" असंच विचारतात. ज्या शब्दात बाजार हिशोब करतो तो शब्द वरून हुकूम आला तरी सहज बदलत नाही. सॉफ्टवेअर निवडताना पहिला धडा मला इथेच मिळाला. जे स्क्रीनवर 'सन्ड्री क्रेडिटर्स' दाखवतं आणि मामींना त्याचा अर्थ दरवेळी मला विचारावा लागतो, ते मामींचं नाहीच. ते माझं आहे.

प्रतापगडावरचे तिघे

महाबळेश्वरला आलेला प्रत्येक जण प्रतापगड बघतो. अफझलखानाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून मी दुसरी सांगते. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर एकट्या माणसाच्या हातात सगळं नसायचं. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघं असायचे. किल्ल्याच्या किल्ल्या, दरवाजे आणि शिबंदी हवालदाराकडे, हजेरी आणि हिशोबाचं लिखाण सबनिसाकडे, आणि धान्य, दारूगोळा, कोठाराचा साठा कारखानिसाकडे. सभासदाच्या बखरीत ही पद्धत नोंदवलेली आहे. एकाने फितूर व्हायचं ठरवलं तरी बाकी दोघांच्या नजरेतून सुटणार नाही.

आम्ही इंजिनिअर याला 'रोल्स आणि परमिशन्स' म्हणतो आणि त्यावर भलीमोठी डॉक्युमेंट्स लिहितो. आणि मी काय केलं होतं? किल्ल्या, वही आणि कोठार, तिन्ही एका वीस वर्षांच्या पोराच्या फोनवर दिलं होतं. तो बिचारा प्रामाणिक होता. पण किल्ला त्याच्याबरोबर गावाला गेला.

दोन वह्या, दोन बाकी

आता जरा मोठा वाद ऐका. 1792 मध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले. नुसते भेटायला नाही आले, हिशोबाचाही प्रश्न होता. नानांच्या दप्तराप्रमाणे उत्तरेतल्या वसुलीतलं शिंद्यांकडून पुण्याला येणं होतं. महादजींचं म्हणणं, मोहिमांवर मी एवढा खर्च केलाय की उलट पुण्याचंच मला देणं लागतं. दोन्ही बाजूंना कारकून, दोन्ही बाजूंना कागद, आणि बाकी मात्र उलट दिशेची. बोलणी लांबत गेली. फेब्रुवारी 1794 मध्ये महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले.

वाचताना मला मामा आणि ते काका आठवले. आकडे कोटींचे असोत की हजारांचे, प्रश्न एकच असतो: माझ्या वहीतली तुझी बाकी आणि तुझ्या वहीतली माझी बाकी जुळते का? आजच्या भाषेत हेच रिकन्सिलिएशन. जीएसटीत विकणाऱ्याने भरलेलं बिल घेणाऱ्याच्या पत्रकात दिसतं का, ही जी जुळवाजुळव दर महिन्याला चालते, ती तीच. म्हणून सॉफ्टवेअरला विचारायचा दुसरा प्रश्न: समोरच्याला त्याच्या खात्याचा उतारा एका झटक्यात काढून देता येतो का? वर्षाच्या शेवटी नाही, दर महिन्याला. काकांना दर महिन्याला उतारा गेला असता तर 41 की 26 हा प्रश्न जूनपर्यंत शिल्लकच राहिला नसता.

नानांच्या नंतर काय झालं, तेही सांगते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची शिस्त ढासळली. पद्धत तीच, मोडी तीच, कागद तोच. रोज लिहून रोज तपासणारी माणसं मात्र कमी झाली. म्हणजे उत्तम सिस्टीम असली तरी ती एका पिढीत बिघडू शकते. सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

महाबळेश्वर जावक, खंडाळा आवक

1818 ला पेशवाई संपली आणि साताऱ्याला प्रतापसिंह महाराज गादीवर होते. महाबळेश्वरच्या थंड हवेवर इंग्रजांचा डोळा होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम 1828 मध्ये इथे आला आणि 1829 मध्ये सौदा झाला. सातारच्या महाराजांनी महाबळेश्वर कंपनीला दिलं आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. लोणावळ्याचं खंडाळा नाही हं, पुणे-सातारा रस्त्यावरचं. मग इथे बाजारपेठ वसली, तिचं नाव माल्कम पेठ. आजही जुन्या कागदांवर तेच नाव दिसतं. पेठ वसली की वाणी आले, दुकानं आली, आणि दुकानं आली की वह्या आल्या. माझे पणजोबा अशाच एका दुकानाचे मालक. किराणा विकायचे.

माळ्यावरची ट्रंक

मामांच्या माळ्यावर एक ट्रंक आहे. लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या लांबट वह्या. आजोबांच्या वह्या देवनागरीत, त्या मला वाचता आल्या. त्यांच्या खाली पणजोबांची एक वही होती, मोडीत. पान भरून शाईच्या रेघा, वर सलग आडवी ओळ आणि तिला लटकलेली अक्षरं, दोन शब्दांत अंतर नाही. मी, बीटेक, चार प्रोग्रामिंगच्या भाषा येतात, आणि स्वतःच्या पणजोबांच्या दुकानात काय विकलं जायचं हे मला वाचता येईना. मामांनाही नाही. आजोबांना येत होतं, पण आजोबा आता नाहीत.

परंपरा सांगते की मोडी आणि हिशोबाची 'मेस्तक' पद्धत हेमाद्रीने, म्हणजे हेमाडपंताने घालून दिली. तो तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप होता, म्हणजे दप्तराचा प्रमुख. मोडीचा उगम नेमका कसा झाला यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत, पण ती कशासाठी चांगली होती यावर वाद नाही. हात न उचलता भरभर लिहिता यायचं. बोरू सारखा शाईत बुडवायला लागत नाही, वेळ वाचतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा एन्ट्रीसाठी त्या काळातला सगळ्यात वेगवान फॉरमॅट.

मग विसाव्या शतकात छपाई वाढली, सरकारी काम बालबोध देवनागरीत गेलं, आणि स्वातंत्र्यानंतर मोडी शाळेतूनही हळूहळू गेली. एखादी लिपी वापरातून गेली की फक्त लिपी जात नाही, तिच्यात ठेवलेलं सगळं कुलूपबंद होतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडात बांधलेले हजारो गठ्ठे आहेत, त्यांना 'रुमाल' म्हणतात. गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली 1930 ते 1934 या काळात त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड छापले गेले. तरी ते निवडकच. मेणवलीच्या वाड्यातलं नानांचं दप्तर उजेडात आणलं साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी, ज्यांनी 1916 मध्ये महाबळेश्वरवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. अशी माणसं मिळाली म्हणून तेवढं तरी वाचता आलं. कागद टिकलेत, शाई टिकलीय. वाचणारे कमी आहेत.

मी पणजोबांच्या वहीतल्या चार पानांचे फोटो काढून एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे नेले. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचायलाच लागले. शके 1854, म्हणजे 1932 च्या आसपासचं पान. मीठ, गूळ, रॉकेल, काड्यापेट्या. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. खाली बाकी, आणि ती बाकी पुढच्या पानावर ओढलेली. जिथे कोरी जागा उरली तिथे तिरकी रेघ, नंतर कोणी मध्ये काही घुसवू नये म्हणून. अर्ध्या तासात ती वही मला समजली, कारण आतली मांडणी आजच्या कॅश बुकासारखीच होती. फक्त बाहेरचं कुलूप मला उघडत नव्हतं.

घरी येताना एसटीत माझ्या लक्षात आलं की मामांकडे दोन वह्या बंद पडल्यात. एक मोडीत आणि एक ओटीपीत. पहिली उघडायला 90 वर्षांनी एक माणूस सापडला. दुसरी तीन वर्षांच्या आत कायमची गेली.

चहावाल्यांचा कॉम्प्युटर आणि बंगळुरूचे बाप-लेक

आता सॉफ्टवेअरचा इतिहास, थोडक्यात. जगात धंद्याच्या रोजच्या कामासाठी कॉम्प्युटर पहिल्यांदा कोणी वापरला? बँकेने नाही. इंग्लंडच्या जे. लायन्स या चहाची दुकानं चालवणाऱ्या कंपनीने. त्यांनी स्वतःच 'लिओ' नावाचा कॉम्प्युटर बांधला आणि नोव्हेंबर 1951 मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशोब चालवला. पाव-केकचा हिशोब! लॉजिंग आणि चिक्कीवाल्या मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपलाच धंदा झाला की."

1979 मध्ये व्हिसिकॅल्क आलं, आजच्या एक्सेलचं आजोबा. एक आकडा बदलला की सगळ्या बेरजा आपोआप बदलतात, हे लोकांनी पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं. आणि आपल्याकडे 1986 मध्ये बंगळुरूला श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचा मुलगा भरत यांनी सुरुवात केली. वडिलांचा धंदा कारखान्यांना माल आणि सुटे भाग पुरवण्याचा. त्यांना हवं तसं हिशोबाचं सॉफ्टवेअर बाजारात मिळेना, म्हणून मुलाला म्हणाले, तूच लिही. कंपनीचं नाव तेव्हा प्युट्रॉनिक्स. तेच पुढे टॅली. त्यातली मोठी गोष्ट अशी की प्रत्येक खात्याला आकड्यांचा कोड लक्षात ठेवायची गरज उरली नाही. व्यापाऱ्याने खात्याचं नाव लिहायचं, बस्स. म्हणजे मशीनने वहीची भाषा शिकली. म्हणून ते गावोगावी पोचलं, आणि 'टॅलीचा कोर्स' हा वाई-सातारच्या किती पोरापोरींना पहिला पगार देऊन गेला. आज त्यात मराठी भाषाही निवडता येते.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि वही फक्त आपल्यासाठी राहिली नाही, ती सरकारच्या पोर्टलशी जुळायला लागली. दर बदलत राहतात. 22 सप्टेंबर 2025 पासून जॅमवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला, आणि 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीचाही 12 वरून 5 झाला, पण खोलीवर इनपुट क्रेडिट न घेता. ताजी स्ट्रॉबेरी करमुक्त, तिचाच जॅम केला की कर. एका काउंटरवर एवढे प्रकार. जुन्या बिलावर जुना दर तसाच राहून नव्या बिलावर नवा लागतो का, हे बघावंच लागतं. आणि कायद्याने हिशोबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात. सहा वर्षं! आपण वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतो. उरलेली पाच वर्षं ती वही कोणाकडे असणार?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. इंट्युट ही अमेरिकेतली मोठी कंपनी, तिचं क्विकबुक्स जगभर चालतं. तिने भारतातलं क्विकबुक्स 2023 च्या सुरुवातीला बंद केलं. आधी कळवलं होतं, डेटा काढून घ्यायला मुदतही होती. ज्यांनी वेळेत काढला त्यांचं धकलं. मोठं नाव असलं म्हणजे ते आपल्या गावात कायम राहील, असं नसतं.

मग आम्ही काय केलं

मी मामांना नावांची यादी दिली नाही. दोन सॉफ्टवेअर घेतली, दोन्हींत मागच्या महिन्याची तीच खरी 40 बिलं मामींना भरायला लावली, आणि मी गप्प बसले. हे सगळ्यात अवघड होतं! मामी कुठे अडतात ते वहीत लिहीत गेले. एका ठिकाणी त्या दोनदा अडल्या, दुसऱ्या ठिकाणी अकरा वेळा. अर्धा निर्णय तिथेच झाला.

उरलेला अर्धा असा. जुलैत महाबळेश्वरला वीज आणि नेटवर्क दोन्ही मनाला येईल तेव्हा असतात, वर्षाला 5 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून इंटरनेट नसताना बिल होतंय का ते राउटर बंद करून पाहिलं. मग सगळी खाती, सगळी बिलं एक्सेल आणि पीडीएफमध्ये बाहेर काढली आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर, ते सॉफ्टवेअर नसताना, उघडून पाहिली. मी सगळ्यात जास्त भाव या परीक्षेला दिला. विकणाऱ्याला "डेटा आत कसा घ्यायचा" हे सगळे विचारतात. तुम्ही "बाहेर कसा काढायचा" हे विचारा, आणि पैसे द्यायच्या आधी स्वतः काढून बघा. सबस्क्रिप्शन संपल्यावर जुनी वर्षं निदान वाचता येतात का, हेही लेखी घ्या.

नंबर मामांचा स्वतःचा. प्रतापगडासारखे तीन हात: पैसे मामा, माल मामी, आणि बिलं काउंटरवरचा मुलगा. मुलाला जुनं बिल खोडता येत नाही. कोणी बदल केला तर त्याची खूण राहते. कंपन्यांना असा माग ठेवणं 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारकच आहे. मामांचं दुकान कंपनी नाही, पण पणजोबांची तिरकी रेघ तरी कुठे कायद्याने सांगितलेली होती? दर महिन्याच्या शेवटी सगळं पेन ड्राइव्हवर आणि एक प्रत आमच्या सीएंकडे. दर महिन्याला शेतकऱ्यांना त्यांच्या खात्याचा उतारा, व्हॉट्सॲपवर, मराठीत.

कुठलं घेतलं ते नाव मी मुद्दाम सांगत नाहीये. उद्या भाव बदलेल, मालक बदलेल, फोन बदलेल. तुमच्या दुकानाला दुसरंच योग्य असेल. जे घ्याल त्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडावं लागणार नाही, एवढं पाहून घ्या.

आणि हो, काउंटरवर मामांनी एक कागदाची रोजकीर्दही ठेवलीय. मी म्हटलं, "मामा, आता कशाला?" तर म्हणाले, "असू दे. तुझं मशीन पडलं तर?" मी वाद घातला नाही. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर त्यांनी ती वही ठेवली, शेजारी पेन ड्राइव्ह, आणि दोन्हींवर हळदकुंकू वाहिलं. पेन ड्राइव्हचं टोपण तेवढं मी आधी लावून घेतलं.

नोव्हेंबरअखेर भिलारचे काका पहिले ट्रे घेऊन आले. मामींनी उतारा पाठवला. त्यांनी दुकानातच उभं राहून डायरी काढली, फोन काढला, दोन्हींवर बोट फिरवत आकडे जुळवले आणि म्हणाले, "बरोबर आहे." मामांनी मला फोन करून एवढंच सांगितलं. अक्कलखात्याचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

तुमच्या घरी माळ्यावर अशी वही असेल तर टाकून देऊ नका. चार पानांचे फोटो काढा, मोडी वाचणारं कोणी शोधा. मोडीचे वर्ग आता ऑनलाइनही भरतात, मी स्वतः एकाला नाव घातलंय. 'अ' ते 'ज्ञ' झालंय, आकडे येतात. पुढच्या सुट्टीत ट्रंकेतली बाकीची पानं स्वतः वाचायची आहेत.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि जमलं तर आजचा खर्च आजच लिहा.